गोळीचा उपास

१८ जुलै, शुक्रवार

पुण्याच्या डॉक्टर मॅडम म्हणल्या, वहीत रोज गोळीची वेळ लिहायची, काय त्रास झाला तर त्यो लिहायचा, बास. पण शंभर पानी वहीत रोज दोन ओळी म्हंजी वहीचा अपमान. बारावीच्या पेपरला मी कवा पुरवणी मागितली न्हाई, ती कसर आता हितं काढते. मॅडमना दाखवायचा कागद येगळा करीन. ही वही माझी.

तर मामांना मोटर न्यूरॉन नावाचा आजार झालाय. आन् मामांचं पाटसला दुकान कसलं? मोटर वायंडिंगचं! विहिरीवरच्या, बोअरच्या जळल्याल्या मोटरी आम्ही नवी तार भरून चालू करून देतो. पंधरा दिसांमागं रिपोर्ट कळला तवा रिक्षात सिंधूमामीचं पहिलं वाक्य, "तरी मी म्हणत व्हते, दिवसभर त्या मोटरींत तोंड घालून बसू नका. लागला न्हवं त्यांचा रोग!"

मामा म्हणले, "बारक्या मोटरीचा लागला म्हणून वाचलो. थ्री फेज असता तर जागेवर खलास."

रिक्षावाला बी हसला. मामी न्हाई हसली.

मॅडमनी सांगितलं ते असं. हातापायाला हुकूम सोडणाऱ्या नसा सुकत चालल्यात, म्हणून मामांच्या उजव्या हातातनं पक्कड पडती. गोळी दिवसातनं दोनदा, बारा तासांनी, उपाशीपोटी. जेवायच्या आधी एक तास, न्हाईतर जेवल्यावर दोन तासांनी. दारू बंद. महिन्याच्या महिन्याला लिव्हरसाठी रक्त तपासायचं. ताप आला तर घरची गोळी देऊन झोपवायचं न्हाई, लगेच फोन. डोळे पिवळे दिसले तरी फोन. दुसरं कसलं बी औषध, काढा, पावडर विचारल्याबिगर न्हाई.

आन् म्हणल्या, "या गोळीनं आजार हळू होतो."

हळू तर हळू. हळूहळू जाईना का, जातोय न्हवं? मी बोटावर मोजलं. दिवाळीपतूर मामांचा हात मोकळा.

१९ जुलै

सकाळी ७ ला पहिली गोळी. मामांनी ती उलटीपालटी करून बघितली. "एवढ्याशा टिकलीसाठी पुण्याला जाऊन आलो व्हय?" नंतर ओठाला मुंग्या आल्यागत वाटलं म्हणले. लिहून ठेवलं.

मामी चिठ्ठी घेऊन आली. तिला वाचाया येतं, पण डॉक्टरचा कागद ती माझ्याच हातात देती. "अक्षदे, ह्ये उपाशीपोटी म्हंजी कसं गं?"

मला राहवतंय व्हय! तोंड लांब केलं. "उपास, मामी. गोळी चालू हाय तवर मामांना भात न्हाई, भाकर न्हाई. उपासाचंच खायाचं. अन्न दिसलं की गोळी रुसती."

"रोज?"

"रोज. रोजच चतुर्थी समजायची."

मामा मागं टॉवेल तोंडात कोंबून हसत व्हते. मामीनं मान हलवली आन् गेली आत. मामीला चेष्टा कळत न्हाई. मागं एकदा मी सांगितलं, मोबाईल उपडा ठेवला की चार्जिंग सांडतं, तर आठवडाभर ती फोन उताणा ठेवायची. पण ही एवढी मोठी चेष्टा कळली असंल.

२४ जुलै

गटारी. सगळ्या गल्लीत रस्सा शिजतोय, आमच्या घरात भगर आन् शेंगदाण्याची आमटी. हौसराव आप्पा (तीन मोटरी, तिन्ही उधारीवर) मामांना न्यायला आले.

"सोपान, चल रं, कोंबडा कापलाय."

"न्हाई आप्पा. डॉक्टरनं दारू बंद केलीय."

"दारू बंद केली, कोंबड्यानं काय पाप केलंय?"

मामांनी दारात उभ्या मामीकडं बघितलं. "कोंबडाच पिऊन आला असला म्हंजी?"

आप्पा शिव्या घालत गेले. मी मातर जाऊन दोन वाट्या रस्सा हाणला. आल्यावर बघितलं, मामी बी भगरच खात व्हती. म्हणलं बघा प्रेम!

मामी हल्ली मामांना सगळं मऊ मऊ करून घालती. गिळायला सोपं. मॅडमनी सांगितलं असणार.

२९ जुलै

मामांना आळस आलाय. दुकानात खुर्चीत बसत्यात आन् मलाच कामाला लावत्यात. आज पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीत मी एकटीनं तार भरली. मोटरीच्या आत गोल खाचा असत्यात, त्यात आधी कागद बसवायचा, मग तांब्याच्या तारंचा गुंडा आत सारायचा, वरनं बांबूची पट्टी ठोकायची. तीनदा भरली, तीनदा मामांनी काढायला लावली.

"कागद फाटलाय."

"केसाएवढा फाटलाय, मामा."

"केसाएवढा फाटला तरी मोटर आज चालंल आन् महिन्यानं जळंल. जळली का मग लोकं म्हणतील, अक्षदाकडं देऊ नका."

"अक्षदाकडं? दुकान सोपानरावांचं हाय."

"तार भर."

मी म्हणलं, दिवाळीत तुमचा हात मोकळा झाला का मी पुन्हा पाने पुसायला रिकामी. मामा लई दिवसांनी खदाखदा हसले, मग एकदम बाहेर रस्त्याकडं बघत बसले.

डब्यात मामांना खिचडी, मला पिठलं-भाकर. म्हणलं अदलाबदल करू, तर म्हणले नको, मामीनं मोजून दिलीय. खिचडी तर वाटीभर बी न्हाई.

ढेरी मातर गेलीय मामांची. पँट दोरीनं बांधत्यात. म्हणलं मामा, हिरो दिसताय.

३ ऑगस्ट

आज माझी फजिती झाली. सकाळी हायवेवर एका ढाब्याची मोटर काढायला गेलो, पहाटंच निघालो, आन् गोळी घरीच राहिली. दुपारी ध्यानात आलं. डोकं चालवलं, म्हणलं सोपं हाय, संध्याकाळी दोन देऊ, हिशेब बरोबर.

मामा म्हणले, "आधी विचार. तुझा हिशेब बारावीत बघितलाय."

दौंडच्या मेडिकलमधल्या मायाताईला फोन लावला. तीच आम्हाला ह्या गोळ्या मागवून देती. तिनं कानाला भोक पडंल एवढा आवाज केला. "एकदम दोन? अजिबात न्हाई! चुकली ती चुकली. पुढची तिच्या वेळंवर, एकच. आन् एक पाकीट दुकानात ठेव, येडे."

७ ला एकच दिली. मॅडमच्या कागदावर खरं लिहिलं, सकाळची चुकली. मला लपवायचं व्हतं, मामांनी लिहायला लावलं.

९ ऑगस्ट, राखी

आई आली शिरूरवरनं. दोन वर्षांमागं बारावी दुसऱ्यांदा गेली तवा तिनंच मला हितं धाडलं, "मामाकडं तरी माणसात येशील." मामांच्या उजव्या मनगटाला तिनं राखी बांधली. राखी कोपराकडं सरकत व्हती.

"सोपान, गळ्याची हाडं दिसायला लागली रं."

"उनाचा चष्मा लाव की तायडे, लख दिसतंय तुला."

आईनं नारळीभात करून आणल्याला, तुपात घोळून. ताटात वाढाया गेली तर मामीनं हात आडवा घातला. "वन्सं, त्यांना न्हाई चालत."

"वरसाचा भात न्हाई चालत?"

"न्हाई चालत म्हणलं न्हवं."

आई रुसली. जेवण न करता पाचच्या गाडीला गेली. जाता जाता मला म्हणली, "तुझी मामी लई बदलली गं." मला बी राग आला. भाऊ-बहिणीच्या मधी भाताचं काय ह्ये? मामा तर तोंड बी उघडत नव्हते. नारळीभात मी आन् हौसराव आप्पांनी संपवला.

१३ ऑगस्ट

दुपारी मामांचं अंग तापलं. १००.४. मामी लिंबाचा पाला आणायला निघालेली, मी म्हणलं थांब, आधी फोन. मॅडम म्हणल्या आजच्या आज रक्त तपासा, ह्या गोळीनं कवातरी पांढऱ्या पेशी कमी होत्यात. मामांना गाडीवर मधी घातलं, मागनं शेजारच्या संपतनं धरलं, आन् दौंड गाठलं. लॅबवाल्यानं इचारलं, पेशंट कोण? तिघं बी घामानं निथळत व्हतो.

पेशी बरोबर निघाल्या. साधा ताप, दोन दिवसांनी उतरंल. येताना संपत म्हणला, "मामांना धरलं तर हँगरला शर्ट धरल्यागत वाटलं." मी त्याला शिवी दिली.

१८ ऑगस्ट, सोमवार

महिना झाला म्हणून तिघं पुण्याला. तपासणीच्या येळंला मामी बाहेर बाकड्यावर. लिव्हरचा आकडा जरासा वर, पण चालतंय, गोळी चालू ठेवा म्हणल्या मॅडम. मी उड्या मारायच्या बेतात.

मग मामांना काट्यावर उभं केलं. महिन्यामागं ६४. आज ५९.

मॅडमनी दोनदा बघितलं. चष्मा काढला. "ह्या आजारात वजन असं उतरणं फार वाईट. शरीर आधीच झिजतंय, त्याला खायला नाही मिळालं तर स्नायूच खातं. असंच राहिलं तर पोटात नळी घालून खायला द्यावं लागेल. आजार भराभर पुढे पळतोय असं दिसतंय. घरी काय खातात?"

मामा म्हणले, "सगळं खातो की."

मी बी मान हलवली. मॅडम म्हणल्या, आता वहीत खाणं बी लिहा.

येताना डेमू रेल्वेत बसून कागद बनवायला घेतला. म्हणलं मागचं बी लिहू, ह्या वहीत असंल कुठंकुठं. पानं उलटली. भगर. खिचडी. नारळीभात, न्हाई चालत. आन् मग १९ जुलै.

मी ते पान तीनदा वाचलं. अक्षर माझंच हाय.

मामी मामांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली व्हती. तिचं बी मनगट बघितलं. बांगड्या कोपरापतूर जात व्हत्या.

१९ ऑगस्ट

७ ला गोळी. सव्वाआठला मामीनं खिचडीची वाटी आणली. मी म्हणलं, "मामी, थांब. डॉक्टर उपास म्हणल्या नव्हत्या. मी म्हणले व्हते. चेष्टा केली व्हती गं."

मामीनं वाटी खाली ठेवली.

"उपाशीपोटी म्हंजी खाल्ल्याबरोबर घ्यायची न्हाई, एवढंच. तासाभरानं पायजे ते खायाचं. भाकर, भात, तूप, समदं. उलट लई खायाचं."

"म्हंजी मॅडम म्हणल्याच न्हाईत?"

"न्हाई."

"मग मी जे महिनाभर ह्यांच्या तोंडातला घास..." पुढचं बोलली न्हाई. मग मामांकडं वळली. "तुम्ही मागं उभं व्हता की त्या दिवशी. तुम्हाला ठावं व्हतं?"

मामा चपलेकडं बघायला लागले.

मामी आत गेली. डबे आपटल्याचा आवाज. मला वाटलं आता लाटणं येतंय, आन् यायलाच पायजे व्हतं. पण मग थापण्याचा आवाज आला. तीन माणसांसाठी अकरा भाकरी थापल्या तिनं. वांग्याचं भरीत, वर लोण्याचा गोळा. मामांच्या म्होरं ताट ठेवलं. "खावा."

मामा डाव्या हातानं भाकर मोडायला लागले. मोडंना. मामीनं चुरून दिली.

मी म्हणलं, "मामी, तू बी खा."

"मी कशी खाऊ? मी देवाला बोलून उपास धरल्याला. उद्यापन केल्याबिगर सोडता येतो व्हय?"

मामा तोंडातला घास गिळून म्हणले, "कुमारिका जेवू घालत्यात न्हवं उद्यापनाला? घरात बसलीय की एक. कामाची न्हाई, धामाची न्हाई."

मामी ताम्हण घेऊन आली. तांब्या आणला. "पाय म्होरं कर, लबाडे."

"नको मामी. मामी, नको ना. मला मार हवं तर."

"तुझ्यासाठी न्हाई, त्यांच्यासाठी करतीय. पाय."

तिनं माझं पाय धुतलं. ग्रीस लागल्यालं, वार्निशनं पिवळं पडल्यालं माझं पाय. पदरानं पुसलं. हळद-कुंकू लावलं आन् वाकली. त्यापेक्षा लाटणं परवडलं असतं. मी भाकरी खाल्ली का डोळ्यातलं पाणी खाल्लं ठावं न्हाई, भरीत खारट लागत व्हतं.

मग मामी जेवली. चार भाकरी.

२० ऑगस्ट

आईला फोन करून सगळं सांगितलं. दहा मिनिटं शिव्या, मग म्हणली मामीला फोन दे. मी म्हणलं तूच लाव, मला तोंड न्हाई.

दुकानात मामांशी भांडले. "मी येडी हाय, पण तुम्ही? पाच किलो वजन गेलं! मॅडम नळी घालायच्या गोष्टी करायला लागल्या. एक शब्द बोलला असता तर?"

मामा लई वेळ तार गुंडाळायच्या चकतीवर अंगठा फिरवत बसले.

"त्यो रिपोर्ट आल्यापास्नं तुझी मामी रात्रंदिस भिंतीकडं तोंड करून असायची. बोलणं न्हाई, चूल न्हाई. तू दिवसा दुकानात, तुला दिसत नव्हतं. तू उपासाचं बोललीस आन् दुसऱ्या दिवशी ती पाचाला उठली. साबुदाणा भिजवला. केस इंचरलं. तिला काम घावलं, अक्षे. म्हणलं दोन-चार दिस चालू दे. मग रोज इचारायची, आज कसं वाटतंय, लागू पडतीय न्हवं? आता काय सांगू, भाकर दे?"

"मग काय मरायचं का चेष्टेपायी?"

"चूक झाली," मामा म्हणले. मामा असं कवाच म्हणत न्हाईत. मोटर उलटी फिरली तरी म्हणत्यात, लाईनच उलटी आली.

२ सप्टेंबर

खाणं लिहायची नवी पद्धत: मामी सांगती, मी लिहिते. सकाळी ७ गोळी. ८.१५ दोन थालीपिठं, लोणी, केळ. ११ शेंगदाण्याचा लाडू. १.३० जेवण. ५ च्या आत दूध-चपाती. ७ गोळी. ८.३० जेवण. मायाताईनं सांगितलं, गोळीच्या आसपास तूपकट नको, बाकी दिवसभर घाला. मामी मधल्या वेळंला दुकानात बी डबा घेऊन येती. गिऱ्हाईकं म्हणत्यात, सोपानरावांचं लग्न ठरलंय का?

मामी मला आता कायबी इचारलं का वर "मायाताईला फोन लाव, तिच्याकडनं ऐकते" म्हणती. बरोबर हाय तिचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज मी आन् मामा दोघंच गेलो, मामीनं दळण काढल्यालं.

लिव्हर बरोबर. वजन ६०.८. मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणल्या नळीचं आता राहू दे, असंच चालू ठेवा, रक्त पुढच्या महिन्यात पुन्हा.

मी म्हणलं, "मग मॅडम, हात कवा येणार? दिवाळीत येतोय न्हवं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. मामा म्हणले, "सांगा तिला."

"हात परत येणार नाही गं," मॅडम म्हणल्या. "गोळीनं आजार हळू होतो म्हणजे हळू वाढतो. थांबत नाही. तुम्ही वेळेवर गोळी देताय, खायला घालताय, त्यानं त्यांना जास्त दिवस मिळतायत. तेच आपलं काम."

डेमूत मी खिडकीकडं तोंड करून बसले. हडपसर गेलं, लोणी गेलं, यवत गेलं. मग म्हणलं, "तुम्हाला ठावं व्हतं."

"पहिल्या दिवसापास्नं."

"मग मी दिवाळी दिवाळी करत व्हते तवा गप का बसला?"

"तार चांगली भरत व्हतीस."

मी पुन्हा खिडकीकडं. रडले न्हाई. ही वही माझी हाय, खरं लिहिते, रडले.

केडगावला पेरूवाली चढली. मामा म्हणले, दोन घे, बारीक फोडी कर, मीठ लाव, तिखट नको. मी कागदावर फोडी मांडल्या. मामांनी डाव्या हातानं एक उचलली, ती पडली. दुसरी उचलली, ती बी पडली. तिसरीला हात लावला न्हाई, बाहेर बघायला लागले. आजपतूर मामा कुणाच्या हातनं जेवले न्हाईत. मामी बी चुरून देती तेवढंच.

मी फोड उचलली आन् त्यांच्या तोंडाम्होरं धरली.

"लोकं बघत्यात."

"बघू द्या. तिकीट काढून बसल्यात, तेवढीच करमणूक."

मामांनी तोंड उघडलं. एक एक फोड, नीट चावून, मी दुसरी तयार धरून. दोन्ही पेरू संपले तवा कडेठाण मागं पडल्यालं. घड्याळ बघितलं. ५.२०.

घरी आलो तवा मामी ७ वाजता दारात हजर, एका हातात गोळी, एका हातात तांब्या.

मी म्हणलं, "आज ७.२० ला. मामांनी पेरू खाल्लाय, दोन तास व्हायचेत."

मामीनं माझ्याकडं रोखून बघितलं. मी फोन काढला, मायाताईला लावणार.

"राहू दे," मामी म्हणली. आन् गोळी मुठीत धरून आमच्याशेजारी उंबऱ्यावर बसली.

७.२० ला दिली.